गावाबाहेरचा जाजवाला

वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं ज्या रस्त्यावर ओळीने लागली आहेत, तिथे झिंगू नरोटे कुठे राहतो म्हणून विचारलं तर कुणाला सांगता येत नाही. झिंगू जाजवाला म्हणा, पानठेलेवालासुद्धा बोटाने खोली दाखवतो. जाज म्हणजे रंगमंचापुढे वादक बसतात तिथला सगळ्यात मोठा बाजा: पायाने वाजवायचा एक भला ढोल, हातांखाली दोन-तीन लहान, आणि वर दांड्यांवर डुलणाऱ्या पितळी थाळ्या. हा शब्द आला कुठून हे झिंगूला माहीत नव्हतं. कंपनीचे मालक गुणवंतराव एकदा तालमीत म्हणाले होते, "दूरच्या देशातल्या काळ्या लोकाईचं वाजवणं आहे हे, झिंगू. त्याईलेही त्याईच्या गावातून उचलून नेलं होतं म्हणतात." झिंगूने ऐकून घेतलं आणि थाळीचा नट आवळत राहिला. तेव्हा त्याला स्वतःच्या गावात जायला बंदी नव्हती.

त्याचं गाव पुसवाडा. भामरागडला एसटी सोडायची आणि नदी ओलांडून अर्धा दिवस जंगलातून चालायचं, की वीस-पंचवीस माडिया घरांचं ते गाव लागतं. गावात सण असो, लग्न असो की मरण, ढोल झिंगूच्या बापाच्या गळ्यात असायचा. पोरगा बापाचं बघून वाजवायला लागला. त्याच्या जोडीला शेजारच्या घरातला वारलू. तरुण पोरापोरींनी रात्री जमायच्या घराच्या, गोटुलच्या, अंगणात नाचणाऱ्यांची रांग धरली की ढोल या दोघांकडे यायचा. ढोल चुकला की पावलं चुकतात, रांग मोडते, आणि रांग मोडली की पोरी तोंडावर हसतात. त्या हसण्याला भिऊनच दोघं शिकले.

दोघं आश्रमशाळेत एकाच बाकावर होते आणि दहावीत एकाच वर्षी नापास झाले. मग वारलू एका पावसाळ्यात बंदूकवाल्यांच्या मागे जंगलात निघून गेला. त्यांना गावात 'आतले' म्हणत, नाव घेत नसत. झिंगू उलट्या बाजूला निघाला. वडशाला धानाच्या गिरणीत पोती उचलायचं काम होतं. तिथे हमालाला ऐकू येईल इतक्या अंतरावर नाटकाच्या तालमी चालत. दिवाळीनंतर कंपनीला पडदा ओढायला माणूस हवा होता. झिंगू पोती सोडून पडदा ओढायला लागला.

झाडीपट्टीतलं नाटक दिवाळीला सुरू होतं आणि होळीला थांबतं. गावोगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, उघड्या रानात, हजारोंनी माणसं थंडीत कांबळी पांघरून बसतात आणि उजाडेपर्यंत हलत नाहीत. दुसऱ्या वर्षी ऐन हंगामात जाजवाला नागपूरच्या ऑर्केस्ट्रात पळाला. गुणवंतरावांनी डोक्याला हात लावला. समोर पडद्याची दोरी गुंडाळत झिंगू उभा होता.

"तू ढोल वाजवतं म्हणतात. हे येते का तुले?"

"येते," झिंगू म्हणाला. त्याने आयुष्यात तोवर जाजला हात लावलेला नव्हता.

पहिल्याच प्रयोगात त्याने असं काही बडवलं की सोनीबाईंचं गाणं कुणाला ऐकूच आलं नाही. सोनीबाई कंपनीच्या मुख्य नटी. पन्नाशीच्या, पण उजेडात उभ्या राहिल्या की नवरी शोभत. गाणं अर्धं टाकून त्या रंगमंचाच्या काठाशी आल्या आणि साऱ्या प्रेक्षकांदेखत खाली वाकल्या.

"कारे, माह्या गळ्यावर काऊन बसून राह्यला? उतर न खाली!"

पब्लिक हसलं. झिंगूला गोटुलमधल्या पोरी आठवल्या. दुसऱ्या दिवशी तो पळून जायच्या बेतात होता, तर सोनीबाईंनी चहाला बोलावलं. म्हणाल्या, "तुया हातात जोर आहे, तो सगळ्याईलेच असते. माह्या तोंडाकडं पाहत जा. मी श्वास घेतला की तू थांबाचं. शब्दाच्या मागं मागं चालाचं, अंगावर नाई याचं."

त्या हंगामात झिंगू हळू वाजवायला शिकला. थाळीला काठीचं नुसतं टोक लावून पावसाची भुरभुर काढायची. खलनायक येतो तेव्हा पायाचा ढोल एकदाच, आणि मग काहीच नाही. पोरीची पाठवणी असली की हातातल्या काठ्या टाकून बोटांनीच वाजवायचं. पुढे लोक खास म्हणायचे, त्या कंपनीचं नाटक बोलवा, त्यांचा जाजवाला रडवतो. सोनीबाई त्याच्याशिवाय गायला नाही म्हणू लागल्या. भद्रावतीच्या कॉलनीत नाटक झालं तेव्हा कारखान्यातले परप्रांतीय साहेब नाटक संपल्यावर नटांना सोडून त्याला भेटायला आले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, आणि झिंगू लाजून जमिनीकडे बघत राहिला.

होळी झाली की तो गावी परतायचा. बापाबरोबर शेत करायचा, मोहफुलं वेचायचा, पावसाळाभर मातीत राहायचा. शेजारच्या गावातल्या सुकरीशी त्याचं लग्न झालं. ती सासऱ्याजवळ पुसवाड्यातच राहिली. मूल झालं नाही. दिवाळी जवळ आली की त्याच्या धोतर-पांघरुणाचं गाठोडं तीच बांधून ठेवायची. वर्षाचे असे दोन तुकडे त्याला ठीक बसले होते. हिवाळ्यात वाजवायचं, उन्हाळ-पावसाळ्यात गावात असायचं. यापेक्षा जास्त त्याने काही मागितलेलं नव्हतं.

एका मे महिन्यात गावात पोलिसांची जीप आली. जीप येईल असा रस्ताही नव्हता, तरी आली. जवळच्या ठाण्यावर आदिवासींचा मेळावा होता. साड्या, भांडी, औषधं वाटायची होती आणि मग नाच-गाणं. साहेबाला कुणीतरी सांगितलं होतं की झाडीपट्टीचा नावाजलेला जाजवाला या गावचा आहे. झिंगू मोहाच्या झाडाखाली दोर वळत बसला होता. शिपाई म्हणाला, "चला भाऊ, साहेबानं बोलोलं." सोबत चार बंदुका होत्या. बाप दारात उभा होता. झिंगू उठून गेला, तासभर वाजवलं, जेवला आणि घरी आला. वाटलं, झालं.

झालं नव्हतं. कुणीतरी त्याचा फोटो काढला होता. महिन्याभरात भामरागडपासून आलापल्लीपर्यंत, एसटीच्या प्रत्येक थांब्यावर, झाडांवर, पुलांच्या कठड्यांवर त्याचा हसरा चेहरा चिकटला. हातात काठ्या, मागे साहेब, खाली मोठ्या अक्षरांत बंदुका टाकून नाचायला या असं आवाहन. झिंगूने पहिल्यांदा तो कागद पाहिला तेव्हा तो बाजाराला चालला होता. बाजार न करताच तो परत फिरला.

आतले लोक आठवड्याभराने आले, भर दुपारी. सगळ्या गावाला मोहाखाली बसवलं. पुढे वारलू होता. हिरवा गणवेश, खांद्याला बंदूक, गालाची हाडं वर आलेली. झिंगूने त्याला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. वारलूने पोस्टर उलगडून धरलं.

"हा पोलिसांचा माणूस झाला," तो माडियात म्हणाला.

"वारलू, ते जीप घेऊन आले होते. मी नाही कसं म्हणू?"

"म्हणता येते. लोकं म्हणतात आन् मरतात."

झिंगूचा बाप उठला. "त्यानं वाजोलं फक्त. तोंडातून शब्द नाई काढला त्यानं." वारलूबरोबरच्या एका पोराने म्हाताऱ्याच्या पाठीत काठी घातली. फार जोरात नव्हे, पण म्हातारा खाली बसला तो बसलाच. गावातलं कुणी हललं नाही. वारलूने त्या पोराकडे पाहिलं, झिंगूकडे पाहिलं नाही.

"आजपासून हे गाव याचं नाई," तो म्हणाला. "हा कुठी दिसला तर ज्यानं पाह्यलं त्यानं आमाले सांगाचं. नाई सांगितलं तर तोही असाच."

जीव वाचला म्हणून सुकरीने जमिनीला हात लावला. झिंगूच्या मात्र ध्यानात आलं की शेवटच्या वाक्याने सगळं संपलं आहे. आता गावातलं प्रत्येक घर त्याच्यावर पहारा ठेवणार होतं, आणि तेही भीतीने. दिवस मावळायच्या आत दोघं निघाले. ज्या घरांवरून गेले त्या घरांची माणसं आत निघून गेली. बाप पाठीवर हात दाबून कुंपणाशी उभा होता. "चाल, चाल लवकर," एवढंच तो म्हणत होता.

वडशात गिरणीमागे खोली मिळाली. पहिला पावसाळा त्याने खोलीत बसून काढला. पावसाळ्यात वडशात काय करायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मातीत हात नाही, ढोल नाही. सुकरी राईस मिलच्या अंगणात धान वाळवायला जाऊ लागली. तिला मराठी येत नव्हती. बाया हसल्या की तीही हसायची, आणि घरी आल्यावर विचारायची, "त्या काय म्हणत होत्या?" हंगाम सुरू झाला तसा झिंगू वाजवायला बसला, वाजवलंही चांगलं. पण सोनीबाई म्हणाल्या, "झिंगू, आता तू माह्या तोंडाकडं पाहत नाई."

बाप वारल्याचा निरोप दोन वर्षांनी आला, एसटीच्या कंडक्टरकडून. मिळेल त्या गाडीने दोघं भामरागडला पोचले. नदीकाठच्या चहाच्या टपरीवाल्याने झिंगूला ओळखलं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "पुढं जाऊ नका भाऊ. तिकडं अजून आहेत ते." सुकरी म्हणाली, "मले कोणी काई करत नाई." ती एकटी पुढे चालत गेली. झिंगू दोन दिवस त्या टपरीच्या बाकावर बसून राहिला. पलीकडे जंगल दिसत होतं, आणि तो कान देऊन ऐकत होता. माडियांत माणूस मेला की ढोलाचा ठेका वेगळा असतो, लांबच्या गावाला कळावं म्हणून. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

सुकरी परत आली तेव्हा त्याने पहिलं तेच विचारलं.

"कोणं वाजोलं?"

"पेरमाच्या पुतण्यानं." पेरमा म्हणजे गावाचा पुजारी.

"बरोबर?"

"बरोबर वाजोलं," सुकरी म्हणाली आणि गाठोडं सोडायला बसली.

पुष्कळ वर्षांनी एका भांडणाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं की वाजवलंच नव्हतं कुणी. झिंगूच्या बापासाठी ढोल बडवायचा तर आतल्यांच्या कानावर जाणार. माणसं भ्यायली होती. घाईघाईने माती दिली होती.

बाप गेला त्या काळात झाडीपट्टीही बदलत होती. आधी एक सपाट पेटी आली, तिच्यावर काठी टेकवली की हवा तो आवाज निघतो, अगदी काच फुटल्याचाही. झिंगू ते शिकला. मग पेनड्राइव्ह आला. गाणी आधीच नागपुरात भरून आणायची आणि नटीने नुसते ओठ हलवायचे. सोनीबाईंनी तसं करायला नकार दिला, आणि पुढच्या हंगामात जाहिरातीवर त्यांचा फोटो नव्हता. गुणवंतरावांनी झिंगूला कार्यालयात बोलावून चहा दिला.

"झिंगूभाऊ, लोकाईले आता तसलंच पायजे. मी काय करू सांग?"

झिंगूने कप खाली ठेवला आणि उठला. जाज कार्यालयामागच्या पडवीत ताडपत्रीखाली गेला, आणि पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी त्याची कातडी खाल्ली. झिंगू लग्नाच्या बँडमध्ये लागला. पुढे गाडीवर स्पीकरची भिंत, मागे चालणारा झिंगू. त्या भिंतीमागे चार-पाच उन्हाळे चालल्यावर त्याच्या डाव्या कानात सारखी शिट्टी वाजू लागली. मग शिट्टी तेवढी राहिली, बाकी आवाज गेले. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "हे काही परत येणार नाही, भाऊ. उजवा तरी सांभाळा. वाजवणं बंद करा." वाजवणं बंद करून खायचं काय, हे त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता.

आता आतल्यांचे दिवस फिरले होते. रोज कुणी ना कुणी बंदूक ठेवून बाहेर येत होतं. गडचिरोलीत अशा बाहेर आलेल्यांची सामूहिक लग्नं लागणार होती, आणि वाजवायला झिंगूचा बँड होता. मांडवात नवरदेवांची रांग बसली होती. सगळ्यांना एकसारखे फेटे, एकसारखे पांढरे सदरे. त्या रांगेत चाळिशी ओलांडलेला एक नवरदेव वारलू होता.

झिंगूने वाजवणं थांबवलं नाही. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, त्याने ठरलेल्या जागी ठरलेलं वाजवलं. जेवणावळीत वारलू स्वतःच ताट घेऊन त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसला. योगायोगानेच उजव्या.

झिंगूने माडियात बोलायला सुरुवात केली आणि मध्येच शब्द अडकले. इतकी वर्षं ही बोली तो फक्त सुकरीशी बोलत होता, तीही चार भिंतींत. वारलूच्या तोंडात ती जशीच्या तशी होती.

"तुले मारायचं ठरलं होतं," वारलू म्हणाला. "वरून आलं होतं. मी म्हटलं, गावाबाहेर काढा. मी वाचोलं तुले."

हे खरं की खोटं, झिंगूला कळायला मार्ग नव्हता. वारलूच्या चेहऱ्यावरूनही कळत नव्हतं. कदाचित इतकी वर्षं सांगून सांगून त्याचं त्यालाच ते खरं वाटू लागलं असेल.

"मंग आता जाऊ का मी गावी?" झिंगूने विचारलं.

वारलूने भाताचा घास खाली ठेवला. "मले काय विचारतं? मी कोण आता?" तो पुन्हा उचलत म्हणाला, "मले तर जाताच येणार नाई. मी काय काय केलं ते गावातल्याईले माहीत आहे."

झिंगूला त्याचा राग यायला हवा होता. इतकी वर्षं तो हाच माणूस भेटायची वाट पाहत होता. आणि तो भेटला तर शेजारी बसून वरण-भात खात होता, आणि त्याचे दात पडले होते. झिंगू उठला, हात धुतले, आणि वरात निघायची म्हणून ढोल गळ्यात घातला.

त्याच उन्हाळ्यात तो आणि सुकरी पुसवाड्याला गेले. आता नदीवर मोठा पूल झाला होता, डांबरी रस्ता गावाच्या अलीकडपर्यंत आला होता. बापाचं घर पडलं होतं. जागेवर एरंडी उगवली होती. चुलतभाऊ शेत करत होता, तो म्हणाला, "घे, तुझंच आहे," पण म्हणताना बांधाकडे बघत होता. पेरमा अजून होता, पार म्हातारा. त्याने दोघांना बसवलं, मोहाची दारू दिली.

"आमी तुले काढलं नाई, झिंगू," तो म्हणाला. "आमी बोललो नाई फक्त."

झिंगू म्हणाला, "माहीत आहे, बाबा." पेरमाने त्याला आणखी दारू ओतली.

तिसऱ्या दिवशी गावात लग्न होतं. जुन्या माणसांनी झिंगूच्या गळ्यात ढोल घातला. म्हणाले, हा बापाचा पोरगा, याचं ऐका. पोरापोरींनी रांग धरली. झिंगूने थाप मारली. ठेका हाताला ठाऊक होता, अजिबात विसरला नव्हता. पण रांग डावीकडून फिरते, पावलांचा आवाज डावीकडून येतो, आणि त्या बाजूला त्याच्या कानात शिट्टीशिवाय काही नव्हतं. पावलं पुढे गेली की ढोल मागे राहायचा, तो घाई करायचा की पावलं थांबलेली असायची. रांग एकदा मोडली. पोरींनी पुन्हा हात धरले. पुन्हा मोडली. कुणी हसलं नाही. पोरी मुकाट्याने बाजूला उभ्या राहिल्या. त्यांनी हसायला हवं होतं, असं त्याला वाटलं. मग एका पोराने, अगदी आदराने, "तुमी बसा आता, मामा," म्हणून ढोल उतरवून घेतला, आणि दुसऱ्याने स्पीकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिंगूने गाठोडं बांधलं. सुकरीने तिचं बांधलं नव्हतं. ती चुलतभावाच्या बायकोबरोबर मोहफुलं पसरत होती.

"मी इथीच राह्यतो," ती म्हणाली.

"काऊन?"

"वडशात मी जाजवाल्याची बायको. इथी मले सुकरी म्हणतात." तिने फुलांवरून हात फिरवला. "तू पण राह्य न. कोण हाकलून राह्यलं तुले आता?"

कुणीच हाकलत नव्हतं. तेच झिंगूला सांगता आलं नाही. इथे राहून दिवसभर काय करायचं, कुठे बसायचं, कुणाशी काय बोलायचं, यातलं त्याला काहीच सुचत नव्हतं. ज्या गावासाठी त्याने इतकी वर्षं जीव टाकला होता, तिथे तीन दिवसांत तो पाहुण्यासारखा पायरीवर बसू लागला होता.

"हंगाम आहे," तो म्हणाला. उन्हाळ्यात नाटकाचा कसला हंगाम, आणि बँडचंही त्याच्यावाचून अडत नव्हतं, हे सुकरीलाही कळत होतं. ती त्याला रस्त्यापर्यंत सोडायला आली. एसटी आली तेव्हा तिने गाठोडं त्याच्या हातात दिलं.

बँडवाल्यांनी पुढच्या वर्षी त्याला घेतलं नाही. आता तो पुन्हा धानाच्या गिरणीत आहे. पोती उचलण्याचं वय राहिलं नाही, म्हणून तोंडं शिवतो, अंगण झाडतो. गिरणीचा आवाज इतका मोठा की बहिरा आणि धडधाकट तिथे सारखेच. संध्याकाळी मशीन बंद झाली की कधी कधी फोन येतो. पुसवाड्यात रेंज नाही, सुकरी टेकडी चढून जाते. झिंगू फोन उजव्या कानाला लावतो.

"धानाचा रोवणा झाला," ती म्हणते. "पाणी बरं आहे औंदा."

"बरं झालं."

"जेवला का?"

"जेवतो आता."

"येशील का?"

"पाहतो," झिंगू म्हणतो. मग आवाज तुटतो. रेंज गेली की तिनेच फोन ठेवला, ते त्याला कळत नाही. तो थोडा वेळ फोन कानाशी तसाच धरून उभा राहतो, आणि मग भात टाकायला आत जातो.